जुन्या गाडीतला जनावरांचा वास : मूळ शोधा, मगच उपाय करा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही आजवर बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी, पाचट कुजविणे अशाच विषयांवर लिहीत आलो आहोत. या वेळचा विषय वाचून काहीजण म्हणतील, शेतकी विभागाला उसाचं काम उरलं नाही की काय! पण गेल्या दोन-तीन हंगामांत आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या चारचाकी गाड्या बऱ्याच आल्या आहेत. उसाचं बिल जमा झालं की पोरं नागपूरला नाहीतर नांदेडला जातात आणि वापरलेली गाडी घेऊन येतात. नवी गाडी सगळ्यांनाच परवडत नाही, तेव्हा यात वावगं काही नाही. पण अशा गाडीबरोबर कधी कधी आधीच्या मालकाच्या कुत्र्या-मांजरांचा वासही घरी येतो आणि तो जाता जात नाही. त्यावरून आमच्या गट ऑफिसात एक प्रसंग घडला. तो सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात एका कुटुंबाच्या जिवावर बेतलं असतं.

गट ऑफिसातली गोष्ट

पैनगंगेच्या काठावरचे आमचे एक सभासद आहेत. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. त्यांच्या म्हाताऱ्या आईची किडनी निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावं लागतं. उमरखेड भागातून महागाव, आर्णी करत यवतमाळ म्हणजे एका बाजूला शंभर किलोमीटरच्या वर. एस.टी.त बसून जाणं-येणं त्या माउलीला झेपेना. म्हणून त्यांनी उसाच्या बिलातून आणि थोडे हातउसने करून नागपूरच्या एका दलालामार्फत जुनी सात आसनांची गाडी घेतली.

आठ-दहा दिवसांनी लागवडीची नोंद द्यायला ते गट ऑफिसात आले. आम्ही सहज विचारलं, "काय भाऊ, गाडी कशी आहे?"

"साहेब, इंजन तं घड्याळावानी चालते. पन काचा लावल्या का अंदर बसवत नाही. आधीच्या मालकाजवळ दोन मोठाले कुत्रे होते म्हणतात. घेतली तवा अत्तराचा घमघमाट होता, आमाले काही समजलंच नाही. आता माय अर्ध्या रस्त्यात ओकते. डायलिसिस झाल्यावर तिचा जीव आधीच कासावीस असते, त्यात हा वास. मागच्या खेपेला म्हणे, मले एस.टी.नंच ने."

"मग काय केलं?"

"काय नाही केलं ते इचारा! तीन अत्तराच्या बाटल्या झाल्या, धूप झाला, लिंबू झालं. आता शेवटचा उपाय. कापसावर मारायचं औषध शिल्लक हाय घरी. आज रातच्याला अंदर मारतो अन् काचा लावून ठेवतो. पिसवा-गोचीड बी मरतील अन् वास बी जाईल. सकाळी मायले घेऊन निघतो."

आम्ही हातातलं रजिस्टर बाजूला ठेवलं. 2017 साली याच आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि कित्येकजण दवाखान्यात पडले. ती फवारणी उघड्या रानात होती, तरी ही गत झाली. मग बंद गाडीत, गाद्यांत आणि गालिच्यात मुरलेलं औषध, वर ऊन, आणि आत आजारी म्हातारी! औषध नाकानं जातं तसं कातडीतूनही अंगात जातं. आणि एकदा गादीत मुरलं की ते वासापेक्षाही काढायला अवघड.

आम्ही त्यांना म्हटलं, "भाऊ, औषधाची बाटली कुलपात ठेवा. उद्या आईला दुसऱ्या गाडीनं न्या, आणि परवा गाडी इथं आणा. आपण मिळून बघू."

वास कुठून येतो?

उसाचं पान पिवळं पडलं म्हणून पानावर युरिया फवारला, आणि मुळाशी हुमणी बसलेली असली, तर काय उपयोग? अत्तराचं तसंच आहे. वास आपल्याला हवेत जाणवतो, पण त्याचं मूळ गादीत, गालिच्यात, पट्ट्यात बसलेलं असतं. हवा कितीही सुगंधित केली तरी मूळ जागेवरून नवा वास निघतच राहतो. अत्तर आणि तो वास एक झाला की जो तिसराच प्रकार तयार होतो, तो तर अधिकच मळमळ आणतो.

हे मूळ तीन प्रकारचं असतं.

पहिलं, मूत्र. मूत्रात युरिया असतो, आपण शेतात टाकतो तोच पदार्थ. शेतात काय होतं? ओलावा मिळाला की जमिनीतले जिवाणू युरिएज नावाच्या विकराच्या साहाय्याने युरियाचा अमोनिया करतात. म्हणून तर आम्ही सांगतो, युरिया उघडा टाकू नका, मातीआड करा, नाहीतर त्यातला 46 टक्के नत्राचा चांगला वाटा हवेत उडून जाईल. गादीतही तेच होतं. ताज्या मूत्राला वास कमी असतो. दिवस जातात तसे जिवाणू कामाला लागतात आणि नाकाला झोंबणारा अमोनिया सुटतो. मांजराचं मूत्र अधिक दाट असतं आणि त्यात गंधकाचे पदार्थ तयार होतात. म्हणून मांजराचा वास कुत्र्याच्या वासापेक्षा चिवट.

दुसरं, अंगाचा तेलकटपणा. कुत्र्याच्या कातडीतून तेल सुटतं, ते केसांबरोबर गादीला, दाराच्या पॅडला, अगदी काचेलाही लागतं. त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांच्यापासून निघणारे वास ओल मिळाली की उसळून वर येतात. भिजलेल्या कुत्र्याला वास का येतो आणि पावसाळ्यात गाडी पुन्हा का वास मारते, त्याचं उत्तर हेच.

तिसरं, ओकारी, लाळ, सांडलेलं खाणं. हे गादीखाली, रुळांच्या फटीत जातं आणि तिथं आंबतं.

बोकड-शेळ्या बाजाराला नेणाऱ्या गाड्यांचंही असंच. जाणत्या बोकडाचा उग्र दर्प चरबीतल्या आम्लांचा असतो. तो निव्वळ पाण्यानं जात नाही, साबण लागतोच.

आपलं नाक आपल्याला फसवतं

कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्याला मळीचा वास येत नाही. पाहुणा मात्र फाटकातच नाकाला रुमाल लावतो. एकाच वासात थोडा वेळ बसलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून गाडी स्वच्छ झाली की नाही हे मालकानं स्वतः ठरवू नये. बाहेरचा माणूस, शक्यतो तंबाखू न खाणारा, सकाळी बंद गाडीचं दार उघडून वास घेईल तोच निकाल खरा धरावा. आमच्या या कामात निकाल देण्याचं काम शेजारच्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीनं केलं. तिनं दोनदा नापास केलं, तिसऱ्यांदा पास.

मूळ शोधण्याची रीत

आधी पाहणी, मग उपाय. रानातली हुमणी शोधताना खड्डा घेतो, तसंच.

दुपारी गाडी काचा लावून तासभर उन्हात उभी करावी. आत माणूस, मूल किंवा जनावर अजिबात ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी. मग दार उघडून एकेक जागा नाकानं तपासावी : पुढची गादी, मागची गादी, पायाखालचा गालिचा, डिकी, जादा चाकाची खाच. सीटबेल्ट पुरता बाहेर ओढून त्याचा आतला भाग हुंगावा. बहुतेकजण हा विसरतात.

रात्री अंधारात नोटा तपासायचा जांभळा दिवा फिरवावा. वाळलेले मूत्राचे डाग त्या उजेडात फिकट पिवळट-हिरवट चमकतात. साबणाचे आणि काही सरबतांचे डागही चमकतात, म्हणून चमकलं की तिथं नाक लावून खात्री करावी आणि खडूनं खूण करावी.

त्या सभासदांच्या गाडीत मधल्या आसनाची उजवी बाजू, मागचा गालिचा आणि डावं मागचं दार अशा तीन जागा निघाल्या. पुढच्या गाद्या जवळजवळ स्वच्छ होत्या. म्हणजे अत्तर टांगलं होतं पुढं आणि रोग होता मागं!

साफसफाई : क्रमानं करावी

1. कोरडी सफाई. पायपुसणी बाहेर काढून धुवावीत. व्हॅक्यूमनं केस, कोंडा, माती ओढून घ्यावी. कापडात रुतलेले केस निघत नसतील तर रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं घासावा, केसांच्या गुंडाळ्या होऊन निघतात. ही पायरी टाळू नये. घरात दम्याचा रुग्ण असेल तर विशेष लक्ष द्यावं, कारण त्रास निव्वळ वासानं होत नाही, जनावराच्या कातडीचा बारीक कोंडा आणि वाळलेली लाळ यांनीही होतो. मांजराचा हा अंश महिनोन्महिने टिकतो.

2. थंड पाणी आणि टिपणं. डागावर थोडं थंड पाणी शिंपडून जाड सुती कापडानं दाबून टिपावं. घासू नये, घासल्यानं डाग पसरतो. गरम पाणी किंवा वाफ सुरुवातीला वापरू नये, उष्णतेनं त्यातली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात.

3. विकराचं द्रावण. पाळीव जनावरांच्या वस्तू विकणाऱ्या शहरातल्या दुकानांत मूत्राचे डाग काढणारं विकरयुक्त द्रावण मिळतं. विकर म्हणजे काय ते सभासदांना नवं नाही. तोड झाल्यावर ऊस पडून राहिला की त्यात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो आणि साखर काढणं अवघड जातं. तो तोडण्यासाठी काही कारखाने डेक्स्ट्रानेज नावाचं विकर वापरतात. इथंही तसंच, घाणीचे मोठे कण विकरं तोडतात. मात्र तीन पथ्यं आहेत. पहिलं, मूत्र जितकं खोल गेलं असेल तितकं खोल द्रावण पोचलं पाहिजे, वरवर फवारून भागत नाही. दुसरं, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत जागा ओली राहिली पाहिजे, वर प्लॅस्टिक अंथरावं. तिसरं, आधी फिनाईल किंवा ब्लिचिंग मारलेलं नसावं, नाहीतर विकर आणि उपयोगी जिवाणू आधीच निकामी होतात. आणि कुठलंही द्रावण प्रथम गादीच्या झाकलेल्या कोपऱ्यावर लावून रंग जातो का ते पाहावं.

4. द्रावण न मिळाल्यास घरगुती उपाय. अमोनिया हा अल्कधर्मी, त्याला आम्ल मारतं. पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी एक भाग मिसळून डागावर लावावं, अर्ध्या तासानं टिपून घ्यावं, पूर्ण वाळू द्यावं. वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरावा, रात्रभर ठेवावा, सकाळी व्हॅक्यूमनं ओढावा. सोडा हा सौम्य अल्क, तो आंबट वास मारतो. एका मोठ्या गाडीला अर्धा ते एक किलो सोडा लागतो.

इथं आमची एक चूक कबूल करतो. पहिल्या रविवारी आम्ही घाई केली आणि व्हिनेगर व सोडा एकदमच टाकायला सांगितलं. फेस तर असा आला की बघणारे खूश! पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून मोकळे झाले, वासासाठी कुणीच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं नाक मुरडलं. डिप्लोमाला शिकलेली साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. तेव्हा दोन्ही वेगवेगळे, मध्ये पूर्ण वाळवून.

5. कडक भाग पुसणं. दाराची पॅडं, आसनांच्या पाठी, काचा, प्लॅस्टिक हे सगळं साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून मग साध्या पाण्यानं पुसावं. सीटबेल्टला फक्त साधा साबण. ब्लिचनं पट्ट्याचे धागे कमजोर होतात, आणि वेळेला तो पट्टाच जीव वाचवतो. आतल्या छताचं कापड भिजवू नये, त्याचा गोंद सुटून ते लोंबतं.

6. वाळवणं. सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. अर्धवट ओली गादी म्हणजे बुरशीला आमंत्रण. चारी दारं उघडून ऊन-वाऱ्यात गाडी ठेवावी, रात्री पंखा लावावा. जमल्यास आसन काढून बाहेर वाळवावं. पण नव्या गाड्यांत आसनाखाली पिवळ्या वायरी असतात. त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावू नये, मेकॅनिककडूनच आसन काढून घ्यावं. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करावं, हवा कोरडी असते. भर पावसाळ्यात गाद्या भिजवू नयेत.

7. एसीची वाट. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे हवा गाळण्याचा फिल्टर असतो. त्यात केस आणि धूळ अडकते. तो काढून नवा बसवावा. मग आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवून, एसी न लावता, दारं उघडी ठेवून नुसता पंखा पुरा वेळ चालवावा. आतली ओल उडून जाते.

8. शेवटी कोळसा. साखरेच्या रिफायनरीत रंग काढायला सक्रिय कोळसा वापरतात, कारण त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत नको ते कण चिकटून बसतात. गाडीतही उरलासुरला वास तसाच शोषला जातो. सक्रिय कोळशाच्या तयार पिशव्या मिळतात. घरचा लाकडी कोळसाही चालतो, पण त्याची ताकद कमी. उघड्या टोपलीत कोरडा कोळसा आठवडाभर ठेवावा. मात्र मूळ साफ न करता निव्वळ कोळसा ठेवला तर तो अत्तराचाच धाकटा भाऊ.

इतकं करूनही एखाद्या आसनाचा वास गेला नाही तर समजावं की फोम पार भिजून गेला होता. अशा वेळी हट्ट धरू नये. कुशनवाल्याकडून तेवढ्याच आसनाचा फोम बदलून घ्यावा. महागडी अत्तरं आणि पुन्हा पुन्हा धुलाई यापेक्षा ते स्वस्त पडतं. गालिचा उचलला की खालचा पत्राही पाहावा, मूत्रातल्या क्षारांनी तो गंजतो.

हे कधीही करू नका

कीटकनाशक : शेतीचं कोणतंही औषध गाडीत फवारू नये, मग ते थोडंसं असो की पातळ केलेलं. पिसवा-गोचीड असतील तर व्हॅक्यूम, साबण आणि कडक ऊन यांनी बरंच काम होतं. तरीही राहिले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं.

ब्लिचिंग पावडर : ग्रामपंचायतीत विहिरीसाठी टीसीएल पावडर असते, ती कुणी गाडीला मारू नये. जुन्या मूत्रातल्या अमोनियाशी तिचा संयोग झाला की विषारी वायू निघतो. संडास धुण्याच्या आम्लाबरोबर किंवा व्हिनेगरबरोबर ती मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत याचा परिणाम काय होईल ते सांगायला नको.

धूप-कापूर : गाडीत पेट्रोल असतं, काहींत गॅस असतो, गाद्या फोमच्या असतात. आत जाळ करू नये. धुरानं वास जात नाही, उलट धूरही गाद्यांत मुरतो.

डांबरगोळ्या : त्यांचा वास मूळ वासावर पांघरूण घालतो आणि बंद गाडीत डोकं धरतं. लहान मुलं गोळ्या तोंडात घालतात, तो धोका वेगळाच.

ओझोनचं यंत्र : काही गॅरेजवाले हे यंत्र गाडीत लावून देतात. ओझोन फुप्फुसाला अपायकारक आहे. लावलंच तर आत कुणी नसावं आणि नंतर गाडी चांगली उघडी ठेवावी. गादीतली घाण तशीच असेल तर हाही खर्च वाया जातो.

पुढं काय झालं

तीन रविवार लागले. पहिला आमच्या चुकीत गेला. दुसऱ्या रविवारी नांदेडहून आणलेलं विकराचं द्रावण गालिच्याला आणि दाराला लागू पडलं. मधल्या आसनाचा वास मात्र हटेना. शेवटी पुसदच्या एका कुशनवाल्याकडून त्याचा फोम बदलला आणि तिसऱ्या रविवारी आमच्या छोट्या परीक्षकानं पसंती दिली.

पहिल्या पावसात पुन्हा हलकासा वास आला तेव्हा सभासद निराश होऊन आले. "साहेब, आला का नाही परत!" आम्ही डिकीतलं जादा चाक काढायला लावलं. त्याच्या खाली एक जुनं घोंगडीसारखं फडकं निघालं, कुत्र्याच्या केसांनी भरलेलं. इतके दिवस ते तिथं कोरडं पडून होतं, ओल लागल्यावर जागं झालं. पहिल्या पाहणीत आम्ही ती खाच वरवर बघितली होती. हाही धडा आम्हीच घेतला.

त्यानंतर एकदा महागावजवळ रस्त्यात त्यांची गाडी भेटली. मायलेक यवतमाळहून परत येत होते. म्हातारी मागच्या आसनावर काच लावून झोपली होती. पूर्वी ती वारा लागावा म्हणून थंडीतही काच उघडी ठेवायची. सभासदांनी नुसता हात वर केला आणि हॉर्न न वाजवता गाडी पुढं काढली.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

अत्तर मारलेली गाडी दिसली की आधी शंका घ्यावी. अत्तर काढून, काचा लावून, दुपारच्या वेळी एसी न लावता दहा मिनिटं बसायला मिळावं असं स्पष्ट सांगावं. पायपुसणी उचलावीत, आसनांच्या रुळात बोट फिरवून केस पाहावेत, पट्टे ओढून पाहावेत, जादा चाकाखाली हात घालावा. वास आढळला म्हणून गाडी टाकूनच द्यावी असं नाही. फोम, गालिचा आणि सफाईचा खर्च काढून तेवढा भाव कमी करून घ्यावा. आणि व्यवहार झाल्यावर फॉर्म नंबर 29 व 30 भरून गाडी आपल्या नावावर करून घेण्यास विसरू नये. वास गेला आणि कागद दुसऱ्याच्याच नावावर राहिले, तर ती डोकेदुखी मोठी.

आपल्याही दारी कुत्रा आहे

हे सगळं लिहिलं म्हणून कुणी कुत्र्याला दोष देऊ नये. उसात रानडुकरं शिरतात तेव्हा रात्रभर बांधावर भुंकणारा तोच असतो. त्याला दवाखान्यात न्यायचं झालं, किंवा शेळी बाजाराला न्यायची झाली, तर गाडीत आधी ताडपत्री अंथरावी, तिच्या कडा वर उचलून बांधाव्यात, आणि वर कोरड्या पाचटाचा किंवा बगॅसचा जाड थर द्यावा. पाचट ओल शोषून घेतं. परत आल्यावर ते पाचट खताच्या खड्ड्यात टाकावं, म्हणजे मूत्रातलं नत्रही वाया जात नाही. ताडपत्री धुऊन उन्हात घालावी आणि गाडीची दारं तासभर उघडी ठेवावीत. सांडलं तर त्याच दिवशी टिपावं. ताजा डाग पाण्यानं निघतो, मुरलेल्याला तीन रविवार लागतात.

तात्पर्य, रोग मुळाशी असेल तर पानावर फवारून भागत नाही, हे आपल्याला उसानं शिकवलंच आहे. गाडीलाही तोच न्याय. घरी शेतीचं शिल्लक औषध असेल तर ते आजच मुलांच्या हाताला लागणार नाही असं कुलूपबंद करावं, ही आमची सर्व सभासदांना हात जोडून विनंती आहे.

ज्यांच्या लागवडीच्या नोंदी अजून राहिल्या असतील त्यांनी त्या आपल्या गट ऑफिसात लवकर द्याव्यात. येताना गाडी घेऊन आलात तरी हरकत नाही, वास घ्यायला आम्ही आहोतच.